चौकटीवरची दुसरी रेघ

१

कुठल्याही घरात गेले की मी आधी पाणी मागते. तहान नसली तरी मागते. पाणी कोण आणतं हे मला बघायचं असतं. मूल आणत असेल तर त्याची नखं, हात, चाल दिसते. मोठं माणूस आणत असेल तर तेवढ्या वेळात मूल कुठे जाऊन उभं राहतं ते कळतं. मग मूल झोपतं ती गादी बघायची, तिच्यावर तळहात ठेवून. आणि निघताना मुलाला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि निळ्या पेन्सिलीने रेघ ओढायची. पुढच्या खेपेला नवी रेघ जुनीच्या वर गेली, तर मूल पोटभर जेवतं आहे असं समजायचं. माणसं खोटं बोलतात, चौकट बोलत नाही. निदान तेव्हा मी असं सगळ्यांना ऐकवत असे.

झाशीच्या आमच्या बालरक्षण समितीत ही पद्धत मीच पाडली. समितीची कचेरी लक्ष्मी गेटपाशी, माझं घर खंडेराव गेटच्या आत, आणि कामाचा उगम स्टेशनावर. एवढं मोठं जंक्शन. कुठल्या गाडीतून कोण उतरेल आणि कोण मागे राहील याचा नेम नव्हता. हरवलेली, टाकलेली, पळून आलेली मुलं पोलीस आमच्याकडे आणून सोडत. आम्ही ती चांगल्या घरांत ठेवायला देत असू आणि मग मी फिरून बघत असे. लोक मला फटकळ म्हणत. या कामात गोड बोलणाऱ्या बायका फार टिकत नाहीत, हे मी त्यांना सांगत नसे.

घर नीट नसेल तर मूल परत आणायचं. त्याचीही रीत ठरलेली होती. मुलाला डोक्यावरून शालीत गुंडाळायचं, तोंड झाकायचं, आणि कचेरीत पोचेपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही. शाल अशासाठी, की 'तीच ती, परत नेलेली' म्हणून पुढे कुणी बोट दाखवू नये. न बोलणं मात्र आमच्यासाठी होतं. रोज मार खाणारं मूलसुद्धा उंबऱ्यावर आलं की 'मला नेऊ नका' म्हणतं, आणि नजरेला नजर मिळाली की आपलेच पाय जड होतात.

बकुळ एका उन्हाळ्यात सापडली. मुंबईकडून आलेली गाडी निघून गेली होती आणि ही फलाटावरच्या बाकाखाली दोन्ही कानांवर हात दाबून बसली होती. नाव विचारलं तर मराठीत सांगितलं, म्हणून मला बोलावणं आलं. सहा-सात वर्षांची असेल. इंजिनाची शिटी झाली की तिचे दोन्ही हात कानांवर जात आणि डोळे मिटत. खेळात असो, जेवणात असो, झोपेतसुद्धा. तिला सोडून कुठली गाडी गेली होती, आणि त्या गाडीत कोण होतं, हे तिने कधी सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

२

घर मीच शोधलं. विद्याधरराव रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढायचे, शांत माणूस. त्यांची बायको स्नेहलता चाळिशीची, मूलबाळ नाही, हात स्वच्छ, बोलणं मोजकं. दोघंही इथल्याच जुन्या मराठी घरांतली. रेल्वे फाटकापलीकडच्या क्वार्टरांच्या ओळीत त्यांचं शेवटचं घर, दोन खोल्यांचं. एकच गोष्ट मनाला खटकली: खिडकीसमोरून रूळ जात होते. पण सबंध झाशीत शिटी ऐकू येत नाही असं घर शोधायला गेले असते तर बकुळ म्हातारी झाली असती.

पहिल्या भेटीला बकुळनेच पाणी आणलं. नखं कापलेली, केसांना तेल, अंगात पिवळा नवा फ्रॉक. बाहेर शिटी झाली तेव्हा तिने पेला आधी खाली ठेवला, मग कान झाकले. एवढं भान आलं होतं. मी चौकटीवर रेघ मारली आणि समाधानाने घरी आले.

दुसऱ्या भेटीला दिवाळी होऊन गेली होती. बकुळला उभं केलं, पट्टी धरली, तर ती जुन्या रेघेशीच लागली. मी मनावर घेतलं नाही. धक्का बसलेली मुलं काही महिने वाढत नाहीत, मग एकदम उंच होतात. असं मी पुष्कळ पाहिलं होतं. पेन्सिल पिशवीत टाकताना मात्र खाली लक्ष गेलं. तिच्या रेघेच्या वीतभर खाली आणखी एक रेघ होती. तीही निळी. माझी रेघ शेवटी जरा वर चढते, लहानपणापासूनची खोड आहे माझी. ती रेघही तशीच चढली होती.

मी स्नेहलताबाईंना विचारलं, ही कुणाची. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हीच मारली असेल ताई, तुमच्यासारखीच आहे."

तसं असू शकत होतं. पहिल्या खेपेला पट्टी घसरली असेल, मी पुन्हा रेघ मारली असेल. पण वीतभर घसरते का पट्टी? घरी येईपर्यंत मी स्वतःची समजूत घातली. दिवसाला चार घरं फिरणाऱ्या बाईला कुठे काय मारलं ते थोडंच आठवतं.

३

तिसऱ्या भेटीला संक्रांत जवळ आली होती. थंडी कडक, म्हणून मी भर दुपारी गेले. या खेपेला पाणी स्नेहलताबाईंनीच आणलं. बकुळ समोर चटईवर बसली होती, तोच पिवळा फ्रॉक, आणि तो तिला अजून अगदी नीट बसत होता. मुलगी बारीक झालेली नव्हती, आजारी नव्हती. नुसती जशीच्या तशी होती.

आतल्या खोलीतून पैंजण वाजले. बकुळच्या पायांत पैंजण नव्हते. तिचे पाय मला दिसत होते, चटईवर शेजारी शेजारी ठेवलेले.

मी विचारलं, आत कोण आहे. मांजर असेल, असं उत्तर आलं. पैंजण घालणारं मांजर मी झाशीत तरी पाहिलं नव्हतं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. स्नेहलताबाई हसल्या आणि म्हणाल्या, जा ना ताई, बघून या. मी गेले. खोलीत एक खाट, एक ट्रंक, खुंटीवर विद्याधररावांचा कोट. खोबरेल तेलाचा वास होता. मांजर नव्हतं. बकुळच्या गादीवर हात ठेवला तर ती गरम होती. मूल उठून फार वेळ झाला नसेल, असं म्हणून मी हात काढला. मग दिसलं की गादीवर दोन खळगे पडलेले होते, एकाला लागून एक.

मोजताना दुसरी रेघ बघायला मला वाकावंच लागलं नाही. बकुळ जुन्या रेघेशीच होती. दुसरी रेघ तिला येऊन टेकली होती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं काहीतरी मी थट्टेने पुटपुटले.

स्नेहलताबाई चहा टाकायला आत गेल्या तेव्हा बकुळ माझ्या पदराशी आली. मराठी ती कमीच बोलायची आता, इथली मुलं हिंदीच बोलतात. पण हे तिने मराठीत सांगितलं.

"बाई, ती विचारते, तुम्ही न्यायला कधी येणार?"

"कोण ती?"

"ती म्हणते, ती माझ्याएवढी झाली की जायचं."

बाहेर शिटी झाली. बकुळने कान झाकले, डोळे मिटले. तिने ते उघडले तेव्हा चहा आला होता, आणि ती परत चटईवर जाऊन बसली.

४

मुलं आपल्या मनातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडी घालतात. 'बाहुलीला भूक लागली' म्हणजे मला भूक लागली. 'माझ्या मित्राला बाबा मारतात' म्हणजे मला मारतात. आमच्या कामात हे पहिल्या महिन्यात शिकतात, आणि नवीन बायकांना ते मीच शिकवलं होतं. म्हणून बकुळच्या बोलण्याचा अर्थ मी सरळ लावला: या मुलीला तिथून निघायचं आहे, आणि ती मला हाक मारते आहे. रात्री जेवण गेलं नाही. एवढ्या चांगल्या घरात नेमकं काय घडत असेल याचा विचार करत बसले.

दुसऱ्या दिवशी समितीचे चिटणीस केशवराव यांच्यापुढे विषय काढला. केशवराव वाईट माणूस नव्हे, पण त्यांना प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू आधी दिसते. मुलगी उपाशी आहे का, नाही. मार आहे का, नाही. मग पेन्सिलीच्या रेघेवरून भरल्या घरातून पोर उचलायची आणि आपल्या कचेरीच्या त्या गारठलेल्या दालनात दोघींत एक कांबळं देऊन निजवायची, हे कुठलं रक्षण? त्यांचं म्हणणं खरं होतं. तिथल्या खरजेची मलमं मीच आणत होते.

मग मी फाटकापलीकडे परत गेले, पण त्या घरी नाही. शेजारच्या क्वार्टरमध्ये एका फिटरची बायको राहायची, आठवड्यात एकदा तरी नळावर भेटायची. इकडचं तिकडचं बोलून मी विचारलं, ड्रॉइंगवाल्या बाबूंची मुलगी कशी आहे.

ती म्हणाली, "दोनों बिटियाँ बड़ी सीधी हैं, बहनजी। आवाज़ तक नहीं करतीं।"

मी म्हटलं, मुलगी तर एकच आहे. तिने बादली खाली ठेवली आणि जरा आठवून पाहिलं. हो, एका वेळी एकच दिसते, असं ती म्हणाली. कान झाकते ती एक. आणि खिडकीत उभी राहून गाड्या बघते, ती दुसरी.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, खरंच वाटलं. कारण आता सगळं जुळत होतं. त्या दोघांनी आणखी एक मुलगी घरात आणली होती आणि समितीपासून लपवली होती. कुठून आणली, का लपवली, ते पोलीस बघतील. रेघ, पैंजण, गादीवरचे खळगे, सगळ्याला कारण मिळालं होतं, आणि कारण मिळालं की मला भीती वाटत नाही. चोरून आणलेल्या मुलीचं ऐकल्यावर केशवरावांनीही हरकत घेतली नाही. आधी बकुळला आणा, म्हणाले, मग दुसरीची चौकशी करू.

५

जयसिंगचा टांगा घेऊन दुपारी गेले. जयसिंग आमचा नेहमीचा टांगेवाला. परत आणायची मुलं त्यानेच वाहिली होती आणि तोही वाटेत कधी मागे वळून बघत नसे. विद्याधरराव कारखान्यात होते. मी उंबऱ्यावरच स्नेहलताबाईंना सांगितलं की बकुळला काही दिवसांसाठी घेऊन जायचं आहे. भांडणाची तयारी मी करूनच आले होते. पोलिसांचं नाव जिभेवर होतं.

त्या म्हणाल्या, "शाल आणलीय ना? द्या. मी तयार करून आणते."

मी शाल दिली. त्या आत गेल्या आणि दार पुढे लोटलं. आतून फणीचा आवाज येत राहिला, केस विंचरल्याचा, बराच वेळ. मध्येच शिटी झाली. फणी थांबली, आणि मग पुन्हा सुरू झाली. मला आत जायचं होतं, दुसरी मुलगी बघायची होती. पण मूल हाती येत असताना भांडण उकरून काढू नये, असा माझाच दंडक. आधी ही बाहेर पडू दे, मग त्या खोलीचं बघू, असं म्हणून मी उभी राहिले.

दार उघडलं. स्नेहलताबाई शालीतल्या मुलीला खांद्याला धरून घेऊन आल्या. शाल कपाळावरून पुढे ओढलेली, चेहरा झाकलेला, अगदी मी गुंडाळते तशी. मी बघितलं नाही. बघायचं नाही, हीच तर रीत. तिने आपणहून माझं बोट धरलं. हात गार होता, पण दिवसही गारठ्याचे होते.

चौकटीतून बाहेर पडताना माझी नजर सवयीने रेघांकडे गेली. दोन्ही एका पातळीत होत्या, मागच्यासारख्याच. मुलगी त्यांच्याजवळून गेली आणि शालीचा माथा रेघांच्या दोन बोटं वर होता. शाल जाड आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

मूल नेतात तेव्हा घरातली बाई रडते, शिव्या देते, निदान दारापर्यंत येते. मला पाठीत धपाटे घालणाऱ्याही भेटल्या आहेत. स्नेहलताबाईंनी आतून कडी घातली, तेवढाच आवाज आला. त्या बाईला हिचा काडीचा लळा नव्हता तर, असं माझ्या मनात आलं, आणि मला तिचा राग आला.

६

टांग्यात आम्ही दोघी मागच्या बैठकीवर बसलो, मागे सरणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. फाटक ओलांडलं आणि गेटमनने ते आमच्या मागे बंद केलं. पुढे मोठ गावच्या बाजाराहून आलेल्या बैलगाड्या फाटक उघडायची वाट पाहत रस्ताभर उभ्या होत्या. टांगा जागीच थांबला. समोर, रुळांपलीकडे, क्वार्टरांची ओळ दिसत होती आणि तिच्या टोकाला ती खिडकी.

मालगाडी येत होती. इंजिन फाटकापाशी आलं आणि त्याने लांबलचक शिटी दिली, अगदी आमच्या अंगावर. घोडा बिचकला. मी दचकले.

शालीतली मुलगी हलली नाही. दोन्ही हात वर आले नाहीत. एका हातात माझं बोट होतं, ते होतं तसंच राहिलं. उलट शालीचा माथा जरासा वळला, इंजिनाच्या दिशेने. तिला ते नीट बघायचं होतं.

सवय झाली असेल, मी म्हटलं. रुळांशेजारी इतके महिने काढल्यावर कुणालाही होईल. 

डबे जाऊ लागले. दोन डब्यांमधल्या फटीतून पलीकडचं दिसायचं आणि मिटायचं. एका फटीत खिडकी रिकामी होती. दुसऱ्या फटीत रिकामी. मग इंजिनाने पुढे कुठेतरी पुन्हा शिटी दिली, आणि पुढच्या फटीत खिडकीत पिवळा फ्रॉक होता. दोन्ही हात कानांवर, डोळे घट्ट मिटलेले. डबा गेला. पुन्हा फट. ती तशीच होती, आणि मागून एक हात तिच्या केसांवरून फिरत होता. डबा गेला. पुन्हा फट. खिडकी बंद होती.

गार्डाचा डबा गेल्यावर सगळं स्वच्छ दिसू लागलं. बंद खिडकी, वाळत घातलेली चादर, ऊन. माझ्या बोटावरची पकड घट्ट झाली होती. शाल दूर करायला एक क्षण पुरला असता. माझा हात तिकडे गेला नाही. आतापर्यंत शेकडो मुलांचे रडवेले चेहरे मी टाळले होते. हा चेहरा रडत नसेल, एवढं मला पक्कं कळलं होतं.

"जयसिंग, टाँगा मोड़ लो," मी म्हणाले.

"काए बाईजी, कछू छूट गओ?"

"बच्ची रह गई वहाँ।"

जयसिंगने कधी नव्हे ते मागे वळून पाहिलं. आधी माझ्याकडे, मग शालीकडे. तो सावकाश, समजुतीच्या सुरात म्हणाला, "बिन्नू तो जे बैठी है, आपके पास।"

मुलगी तर ही बसली आहे, हेच सगळे म्हणणार होते. केशवराव म्हणतील, हवालदार म्हणेल. एक मुलगी दिली होती, एक परत आणली. हिचं बोट हातात असताना बकुळसाठी ते दार उघडायला माझ्याबरोबर कोण येणार होतं? आणि पोर तिथे कान झाकून उभी होती, तिच्यासाठी थांबायला हवी होती ती गाडी पुन्हा एकदा निघून गेली होती, आणि या खेपेला त्या गाडीत मी होते.

मी टांग्यातून उतरले आणि फाटकाकडे चालू लागले. बोट सोडवून बघितलं, सुटलं नाही. तीही माझ्याबरोबर उतरली होती आणि पावलाला पाऊल लावून चालत होती. शालीखाली पैंजण वाजत होते. टांग्यात चढवली तेव्हा तिचं डोकं माझ्या कमरेला लागत होतं. फाटकापाशी आलो तेव्हा ते माझ्या खांद्याला लागलं.